बाबा उपराज्यपाल होते तेव्हा

बाबा उपराज्यपाल झाले हे मला त्यांच्याकडून कळलं नाही. नवऱ्याच्या ऑफिसात भारतातली वर्तमानपत्रं दोन दिवस उशिरा यायची. त्यातल्या एकात, आतल्या पानावर, चार ओळींची बातमी होती. ती त्याने मला ऑफिसातून फोन करून वाचून दाखवली. मी आखातातल्या अल ऐनच्या आमच्या फ्लॅटमध्ये पोळ्या लाटत होते. पोळी तव्यावर करपली.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. "तुला सांगणारच होतो," ते म्हणाले, "पण शपथविधी होईपर्यंत कुणाशी बोलू नका, असं सांगितलं होतं."

"मी कुणी आहे का बाबा?"

ते हसले. मला हसू आलं नाही.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. बाबांनी तोवर पस्तीस वर्षं अमरावतीत वकिली केली होती. कामावरून काढलेले शिक्षक, धरणात जमीन गेलेली माणसं, निलंबित झालेले तलाठी, असे सगळे त्यांचे पक्षकार. समोर कायम सरकार. सरकारी वकील कितीही बदलले तरी बाबा त्याच बाजूला उभे. मीही वकील झाले ती त्यांच्यामुळेच. दोन वर्षं त्यांच्या ऑफिसात बसले, मग लग्न होऊन आखातात आले आणि माझी सनद कपाटात गेली. इथे मला कोर्टात उभं राहता येणार नव्हतं. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मी कराराच्या कागदांवर नंबर टाकून ते फाईलला लावायची. साइटवरचे इंजिनिअर मला 'पेपरवाली मॅडम' म्हणत. बाबांना हे आवडलं नव्हतं. ते बोलत नसत, एवढंच.

एकेकाळी त्यांच्या हाताखाली ज्युनियर असलेले एक गृहस्थ दिल्लीत वजनदार झाले होते. त्यांनी आपल्या जुन्या सीनियरचं नाव पुढे केलं. समुद्रकाठचा एक छोटा केंद्रशासित प्रदेश, थोडी किनारपट्टी आणि पलीकडे दोन-तीन बेटं. प्रदेशाचं नाव इथे लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथे आहेत. आयुष्यभर सरकारशी भांडलेला माणूस एका सकाळी स्वतःच सरकार झाला.

अल ऐनमध्ये तेव्हा मराठी घरं मोजकी होती. शुक्रवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, मिसळ करायची, मुलांनी आपसात इंग्लिशमध्ये भांडायचं. बाबांची बातमी पसरली आणि माझ्या ताटात वाढणाऱ्यांचा हात सैल झाला. एकाला भाच्यासाठी तिथल्या मेडिकल कॉलेजात सीट हवी होती. एकाला किनाऱ्यावर रिसॉर्टसाठी जागा. "वहिनी, साहेबांच्या एका ओळीचं काम आहे," असं म्हणत लोक गाडीपर्यंत सोडायला यायचे.

"मलाच साहेब भेटत नाहीत," मी सांगायची. कुणाला खरं वाटायचं नाही.

पण ते खरं होतं. शुक्रवारी कॉलचा दर कमी असायचा म्हणून मी त्या दिवशी राजनिवासला, बाबांच्या सरकारी बंगल्यावर, फोन लावायची. ऑपरेटर विचारायचा, "कौन?"

"मैं उनकी बेटी बोल रही हूँ."

"किसकी बेटी, मॅडम?"

मग एडीसीकडे, त्यांच्या दिमतीच्या अधिकाऱ्याकडे, लाइन जायची. साहेब मीटिंगमध्ये आहेत, साहेब दौऱ्यावर आहेत, साहेब आराम करतायत. वकिलीच्या दिवसांत कोर्टाच्या मधल्या सुट्टीतही वकिलांच्या बाररूममधल्या फोनवर येणारे बाबा आता उलटा फोन करायला तीन-तीन दिवस लावत. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मला फोन करायला दुसरं माहेर नव्हतं.

त्यांच्या नेमणुकीच्या दुसऱ्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले. सहाव्या महिन्यात रक्तस्राव झाला. वार खाली आहे, पलंगावरून उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, नवरा दिवसभर साइटवर, घरात पाच वर्षांची मुलगी. मी बाबांना म्हटलं, "एक महिना या. काही करू नका, नुसते घरात बसा."

"येतो," ते लगेच म्हणाले. "मला प्रदेश सोडायला दिल्लीची परवानगी लागते. ती मिळाली की निघतो."

नवऱ्याने व्हिजा काढला. हॉलमध्ये त्यांच्यासाठी पलंग आणून टाकला. माझी मुलगी रोज त्या पलंगावर उडी मारून विचारायची, "व्हेअर इज आजोबा?"

एक आठवडा गेला, दोन गेले. मी विचारलं की बाबा म्हणायचे, "फाईल दिल्लीत आहे." नवऱ्याचा मराठी मॅनेजरही अरबांसारखा प्रत्येक गोष्टीला 'इन्शाल्ला', देवाने मनात आणलं तर, असं म्हणायचा, तेव्हा मला राग यायचा. आता बाबांचं 'फाईल दिल्लीत आहे' ऐकून तसाच राग यायला लागला.

मग एका संध्याकाळी त्यांचा स्वतःहून फोन आला. आवाज बसलेला होता. मी त्यांना बोलावलं त्याच आठवड्यात बेटावरच्या एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. बेटावर डॉक्टर नाही. तिला मासेमारीच्या होडीतून किनाऱ्यावर आणत होते, वाऱ्यामुळे चार तास लागले. बाई होडीतच गेली. पोरही गेलं.

"एक लाँच पाहिजे फक्त, साधी मोटरबोट," बाबा म्हणाले. "एक स्ट्रेचर, एक नर्स. माझ्या अधिकारात तेवढासुद्धा खर्च बसत नाही. प्रस्ताव दिल्लीला पाठवला आहे."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण मी दोन महिने छताकडे बघत पडले होते, आणि तोंडातून निघालं, "तुम्हाला तिथल्या सगळ्या बायकांची काळजी आहे बाबा. माझी सोडून."

"काहून अशी बोलून राहिली?" ते एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. बाबा घरात फक्त दुखावले की वऱ्हाडी बोलायचे.

ते आले नाहीत. सिझेरियन झालं, चार बाटल्या रक्त लागलं, मुलगा नीट जन्मला. हॉलमधला पलंग नवऱ्याने महिनाभराने एका शेजाऱ्याला देऊन टाकला.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही मुलांना घेऊन मी त्यांच्याकडे गेले. मोठा बंगला, दारात पहारेकरी, जेवताना मागे उभा राहणारा वाढपी. बाबा त्या सगळ्यात भाड्याने राहायला आल्यासारखे वावरत होते. सकाळी सहाला उठून फायली वाचायचे. लाँचची फाईल मी पाहिली. दिल्लीतून ती तीनदा परत आली होती. पहिल्यांदा विचारलं होतं, वर्षाला रुग्ण किती. दुसऱ्यांदा, सध्याची व्यवस्था अपुरी का. तिसऱ्यांदा पुन्हा रुग्ण किती.

"कोर्टात असतो तर एका दुपारी यांना उघडं पाडलं असतं," बाबा म्हणाले. "इथे उघडं पाडायचं कुणाला? कागदावर नाव माझंच आहे."

त्याच आठवड्यात बेटावरचे एक निवृत्त हेडमास्तर भेटायला आले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत जुन्या अर्जांच्या पोचपावत्या. मी बाजूच्या खोलीत मुलाला भरवत होते, दार उघडं होतं.

"साहेब, लाँचसाठी हा अकरावा अर्ज," हेडमास्तर म्हणाले.

"बारावा करू नका," बाबा म्हणाले. "मला जे शक्य होतं ते मी केलं. तुम्ही हायकोर्टात जा."

"तुमच्याविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध. पोचपावत्या सगळ्या जोडा."

मी हातातली वाटी खाली ठेवली. कित्येक महिन्यांनी मला माझे बाबा ऐकू आले होते. पण प्रशासनाचे सचिव त्याच खोलीत बसले होते, आणि त्यांनीही ते ऐकलं होतं.

हेडमास्तर खरंच कोर्टात गेले. कोर्टाने प्रशासनाकडून प्रतिज्ञापत्र मागवलं. सचिवांनी मसुदा केला की बेटावर पुरेशी व्यवस्था आहे आणि अर्जदाराचा हेतू शुद्ध नाही. तो मंजुरीसाठी बाबांच्या टेबलावर आला. बाबांनी समासात लिहिलं, 'हे खरं नाही', आणि नवा मसुदा हाताने लिहिला. व्यवस्था पुरेशी नाही, एक बाई आणि तिचं मूल दगावलं आहे, प्रस्ताव केंद्राकडे पडून आहे. तसंच प्रतिज्ञापत्र गेलं. कोर्टाने सहा महिन्यांत लाँच द्या म्हणून आदेश दिला.

तीन आठवड्यांनी दिल्लीतून त्यांच्या जुन्या ज्युनियरचा फोन आला. "सर, तब्येतीचं कारण द्या." बाबांची तब्येत उत्तम होती. त्यांनी राजीनाम्यात कारणच लिहिलं नाही.

मग ते अल ऐनला आले. तीन महिन्यांचा व्हिजा होता. मला वाटलं होतं, आता ते माझे. पण ते दिवसभर खिडकीशी बसायचे. खाली खजुराची झाडं, पलीकडे रस्ता, चालणारं माणूस नाही. "इथे लोक भांडायला कुठे जातात?" त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, "आम्ही भांडत नाही बाबा. आम्ही व्हिजावर आहोत." त्यावर ते माझ्याकडे बघत राहिले, आणि ती नजर मला आवडली नाही.

शुक्रवारी सकाळी एका व्हिलात गणपतीची आरती होती. यजमानांनी बाबांना पुढे बसवलं, शाल घातली आणि सांगितलं, "आपल्यामध्ये आज माजी राज्यपाल आहेत."

बाबा उठले. "राज्यपाल नव्हे, उपराज्यपाल. आणि माजी म्हणजे काढून टाकलेला," ते म्हणाले आणि बसले. कुणीतरी घाईघाईने पुढची आरती सुरू केली. पूर्वी सीट मागायला आलेले गृहस्थ चपला घालून आमच्या आधी निघून गेले. नवऱ्याचा मॅनेजर तिथेच होता. घरी येताना नवऱ्याने गाडीतला रेडिओ मोठा केला.

दुपारी मुलं टीव्हीपुढे बसल्यावर मी बाबांना म्हटलं, "गरज होती का?"

"खोटं कशाला बोलायचं?"

"तुम्ही सगळ्यांपुढे खरं बोलता. मी आजारी होते तेव्हा दिल्लीने तुम्हाला सोडलं नाही, तेव्हा असं समासात का नाही लिहिलंत? तेव्हा का नाही भांडलात?"

ते चष्मा पुसत होते. पुसायचे थांबले.

"दिल्लीने अडवलं नव्हतं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मी परवानगी मागितलीच नव्हती. अर्ज लिहिला होता. मग ती बाई गेली, आणि लाँचचा प्रस्ताव पाठवायचा होता. दोन मागण्या एकदम गेल्या असत्या तर त्यांनी रजा लगेच दिली असती आणि लाँच ठेवून घेतली असती. रजा दिली ना, आता गप्प बसा, म्हणाले असते. म्हणून अर्ज फाडला."

"आणि मला फाईल दिल्लीत आहे म्हणून सांगत राहिलात."

"फाईल दिल्लीतच होती. लाँचची."

माणूस आयुष्यभर शब्द तोलून बोलला की असं होतं. त्यांचं ते वाक्य कोर्टात टिकलं असतं. मी तीन वर्षं दिल्लीतल्या कुठल्यातरी अनोळखी कारकुनाला शिव्या घातल्या होत्या. मला ओरडायचं होतं, पण टीव्हीपुढून मुलीने विचारलं, "मम्मा, आर यू फायटिंग?" मी म्हटलं, "नो." आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी परत घासली.

ते मागून आले. दारात उभे राहून म्हणाले, "तू गेली असतीस तर मी स्वतःला माफ केलं नसतं, हे मला माहीत होतं. तरी मी नाही आलो. याचं कारण मला अजून नीट सांगता येत नाही."

"लाँच तरी मिळाली होती का त्या वेळी?"

"नाही."

"मग?"

मला उत्तर नको होतं, त्यांनी 'चूक झाली' म्हणावं एवढंच हवं होतं. ते म्हणाले नाहीत.

लाँच पुढे मिळाली, त्यांच्यानंतरच्या माणसाच्या कारकिर्दीत. उद्घाटनाच्या पाटीवर त्याचं नाव आहे. हेडमास्तरांनी बाबांना पोस्टकार्ड पाठवलं, ते बाबांनी मला पत्रासोबत पाठवलं. पहिल्याच महिन्यात दोन अडलेल्या बायका किनाऱ्यावर वेळेवर पोचल्या, असं त्यात होतं. मी ते दोनदा वाचलं. त्या बायकांबद्दल मला खरंच बरं वाटलं, आणि तरीही ते पत्र मी नवऱ्याला दाखवलं नाही.

पण ते नंतरचं. त्या खेपेला बाबांनी व्हिजा संपायच्या आधीच तिकीट काढायला लावलं. अबू धाबीच्या विमानतळावर त्यांनी नातवाला कडेवर घेतलं. तो त्यांना फारसा ओळखत नव्हता, रडला. "देऊ का?" म्हणून त्यांनी त्याला माझ्याकडे दिला, बॅग उचलली आणि रांगेत जाऊन उभे राहिले. रांगेत पुढच्या कामगाराला फॉर्म भरता येत नव्हता. बाबांनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि त्याचा फॉर्म भरायला लागले. त्यांची स्वतःची पाळी आली तरी ते लिहितच होते. मागचे लोक त्यांना ओलांडून पुढे गेले. नवरा म्हणाला, "थांबायचं का ते आत जाईपर्यंत?"

मी म्हटलं, "नको. यल्ला, चल."