दोन मुठी

पालीच्या एसटीत एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती. मी चिरेखाणीत जांभा दगड काढणारा, हे तिला सांगून झालं होतं. ती दोन मुठी एकमेकींभोवती जोरात फिरवून एकत्र आणत म्हणाली, "आजोबा, दूर अवकाशात दोन कृष्णविवरं अशीच एक झाली. ती दिसत नाहीत, पण त्यांची थरथर इथवर पोचली. तिच्यावरून त्यांचं वजन कळलं."

"न बघता वजन? काय गो, अडाण्याला फसवतेस?"

ती हसली. "मग चिऱ्याच्या आतली भेग तुम्हाला कशी कळते?"

हातोडी मारून, आवाज ऐकून. जन्मभर तेच केलं. पण मी फणकारलो, "तुला नाय कळायचं ता."

ती हातखंब्याला उतरून गेली. "तुझं खरं गो," एवढं आज म्हणायचंय, तर तिचं नावसुद्धा मी विचारलेलं नाही.