दोन कार्बोरेटर

अमीर मिस्त्री बावीस वर्षं आष्ट्याहून मलकापूरला यायचा, चिंतामणरावांची जुनी विलायती एमजी मोटार त्यांच्या अंगणातच दुरुस्त करायला. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दोन्ही कार्बोरेटरांचा श्वास सारखा येईपर्यंत तो स्क्रू फिरवायचा. "अमीर, ही गाडी आपल्या दोघांची," राव म्हणायचे.

त्या रविवारी अमीर गाडी पुसत असताना ती बघायला पुण्याचे पाहुणे आले. "इंजिन कोण जुळवतं?"

"मीच, घरच्या घरी. हा पुसायला येतो," राव म्हणाले.

अमीरच्या हातातला फडका थांबला.

"मग दाखवा की जुळवून!" पाहुणे हसले.

रावांनी मान न वळवता नळीसाठी हात मागं केला.

अमीरनं नळी गुंडाळून खिशात घातली. "आवं, ही माझी हाय," म्हणाला आणि एसटी स्टँडकडं चालू लागला.