वरच्या स्टेशनचं तिकीट

"ताई, ते वरच्या केबल कारचं तिकीट काहीतरी कारण काढून कॅन्सल करा," काकू म्हणाल्या. अमेरिकेत, फ्रीमाँटमधल्या त्यांच्या मुलाच्या टाउनहाउसच्या दारात आम्ही दोघी उभ्या होतो. मी निघायच्या घाईत बूट चढवत होते.

मी ट्रॅव्हल प्लॅनर आहे, आपल्या लोकांच्या सहली आखते. काकूंच्या मुलाला, निखिलला, ख्रिसमसच्या सुट्टीत आई-वडिलांना आल्प्समध्ये न्यायचं होतं. मोठं हॉटेल नको, जुन्या लाकडी घरांचं खेडं हवं, जिथे गाड्यांना बंदी असते आणि छोट्या रेल्वेनं वर जावं लागतं. तो स्की करणार आणि काका केबल कारनं सगळ्यात वरच्या स्टेशनवर, थेट हिमनदीपर्यंत जाणार. काकांनी नागपूरच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. हिमनदी फळ्यावर दरवर्षी काढली, पाहिली एकदाही नाही. सगळा बेत त्या एका तिकिटासाठी होता. काका-काकूंचे युरोपचे व्हिसाही भारतातूनच निघाले होते.

वडीलधाऱ्यांशी मी एकदा तरी मुलांच्या माघारी बोलते. मुलांसमोर आई-वडिलांचे गुडघे कधीच दुखत नाहीत. म्हणून त्या दिवशी निखिल ऑफिसला गेल्यावर गेले होते. काका म्हणाले, मी ठणठणीत आहे, तुम्ही बर्फाचं तेवढं बघा. मला ते पटलंही होतं. आणि आता काकू दारात हे सांगत होत्या. का, म्हणून मी विचारलं.

"यांची बायपास झालीय. निखिलला माहीत नाही."

माझा एक बूट हातातच राहिला. बायपास लपवता येते, हेच मला माहीत नव्हतं.

काकूंनी हळू आवाजात सगळं सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी निखिलच्या पासपोर्टवरचा अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का संपलेला होता. इथे राहून नोकरी करायला त्याची अडचण नसते. पण एकदा देश सोडला की नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही, आणि तो कधी मिळेल याचा नेम नाही. पोरगं धावत येईल आणि नोकरी घालवून बसेल, म्हणून त्याला कळवलंच नाही. आयसीयूतले दिवस 'बाबा काटोलला मित्राकडे गेलेत' म्हणून निभावले. पुढे काका हॉस्पिटलच्या खाटेवरून व्हिडिओ कॉल करायचे आणि मागे घरची चादर धरून काकूंची जाऊ उभी राहायची. नंतर निखिलला नवा शिक्का मिळाला, तरी कुणी काही सांगितलं नाही.

"आधी व्हिसासाठी लपवलं," काकू म्हणाल्या. "मग लपवलं म्हणून लपवलं."

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. प्रवासाचा इन्शुरन्स काढताना आधीचा आजार सांगावा लागतो. तो दडवला आणि तिकडे काही झालं, तर कंपनी हात वर करते. शिवाय तेवढ्या उंचीवर हवा विरळ असते, हृदयाच्या पेशंटनं डॉक्टरला विचारल्याशिवाय जायचं नसतं. खोटं कारण देणं मला शक्य नव्हतं. मी काकूंना म्हटलं, रविवारपर्यंत तुम्ही दोघांनी निखिलला सांगा. नाही सांगितलंत तर मी हे काम सोडेन, आणि का सोडलं हे त्यानं विचारलं तर खरं तेच सांगेन. काकूंनी रीतीप्रमाणे चिवड्याचा डबा हातात दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

रविवारी निखिलचा फोन आला. तो भडकलेला असेल असं मी धरून चालले होते.

"बाबांनी शर्ट काढून दाखवला," तो म्हणाला. "ताई, मी रोज कॉल करत होतो. रोज. आणि मला काहीच दिसलं नाही?"

कॉलवर चेहरा तेवढाच दिसतो, असं काहीतरी मी बोलले. त्यानं त्याचं समाधान होणार नव्हतं.

कार्डिओलॉजिस्टनं तपासून खेड्यापर्यंत जायला परवानगी दिली, त्याच्या वर नाही. मी केबल कारचं तिकीट कॅन्सल केलं. पाठोपाठ निखिलनं स्वतःचे स्कीचे क्लासही कॅन्सल करायला सांगितले. मग ख्रिसमसच्या सुट्टीत एक फोटो आला. खेड्यातल्या बाकावर बापलेक बसलेत, वर लांब हिमनदी, आणि काका तिच्याकडे बोट करून काहीतरी समजावतायत.

तेव्हापासून मी कुणालाच तब्येत कशी आहे असं विचारत नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. सकाळी कोणकोणत्या गोळ्या घेता, असं विचारते. धंद्यात या प्रश्नाचा फार उपयोग होतो.

परवा साताऱ्याला आईला फोन केला. बोलता बोलता तिलाही विचारलं, सकाळी गोळ्या कोणत्या घेतेस.



"तू जेवलीस का?" आई म्हणाली.