होडीच्या नाकाला चिलखत

“हात लावू नगा! अजून ओलं हाय!”

ही आरोळी नांदेडच्या घाटावरून निघून थेट अर्धापूरच्या बागांत पोचली असणार आणि केळीचे दोन-चार घड दचकूनच पिकले असणार.

ओरडत होता तो मासेमार. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. एवढ्या आवाजाच्या माणसाला नाव लागतं कशाला? रोज सकाळी मी फिरायला जायचो, तेव्हा तो आणि त्याची बायको फायबरची होडी काळ्या खडकावरून वर काढत असायचे. तो पुढून ओढायचा, ती मागून ढकलायची. घासून घासून होडीचा तळ इतका पातळ झाला होता, की आत पडलेल्या माशांना खालची गोदावरी दिसायची. भोक पडलं की धंदाच बुडणार.

म्हणून आज होडी पालथी घालून तो तिच्या नाकाखाली जाड फायबरचं कापड चिकटवत होता. वरून रेझिनचा लेप. डबा मी धरला होता, आणि मीही चेकाळलो होतो.

“सर, लई भारी काम करून राहिलो! आता खडक झिजंल, होडी न्हाई!”

डबा निपटून शेवटचा थेंबही त्याने नाकालाच फासला. उन्हाने लेप दगडासारखा कडक झाला. त्याने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि बायकोकडे वळून गरजला, “बघ की गं, कसं झालंय!”

ती होडीच्या मागच्या टोकावरून हात फिरवत होती.

“नाक तर तुम्ही उचलूनच धरता,” ती म्हणाली. “घासतंय ते हे.”