देवमाशाची हाक आयकाले सानगडीले

दादाची कॅसेट आमच्या चिखल्याले नाई, सानगडीले ताईच्या घरी आली. कारन टेप भाऊजीजवळच हाय, थे लग्नात भोंगे लावते. मी ताईची चिठ्ठी वाचून दाखवली तशी आईनं दुसऱ्याच दिवशी भाकरी बांधल्या.

दादा पयले इथंच मँगनीजच्या खानीत होता. सळाखीनं छत ठोकून आयकाचा. टन्न वाजलं तर काम करा, भद्द वाजलं तर खालून पळा. त्याचा कान लय पक्का. थोच कान त्याले समुद्रावर घेऊन गेला. तथी एका बोटीवरून पान्यात माईक सोडून देवमाशाचे आवाज भरून घेते म्हणे. दोन वर्सं झाले, घरी आला नाई. थो गेला अन् माही शाळा सुटली, आईजवळ कोनी पाहिजे होतं.

तुमसरपर्यंत मँगनीजच्या ट्रकवर गेलो. तुमी जासान तर बसच पाहजा, आमी उतरलो तवा दोघीबी काळ्या. तुमसरवरून भंडारा, मंग साकोली, तथून सानगडी. सुट्टे पैसे ठेवजा, कंडक्टर लय बोलते. भंडाऱ्याच्या स्टँडवर आलूबोंडा गरमच मागजा. साकोलीच्या पुढं धान कापलेल्या बांध्या, अन् मधात तलाव. तलाव दिसला का आई विचारे,

"समुद्र एवढा असन का वो?"

"याच्याहून मोठा."

"मंग त्याले इकडचा काठ कसा दिसन?"

मी सुट्टे पैसे मोजाले लागली.

सानगडीत भाऊजीनं टेपले भोंगाच जोडून ठेवला होता. अर्धी गल्ली जमा. आवाज सुरू झाला. लांब, खोल, जसं कोनी रिकाम्या रांजनात तोंड घालून रडते.

"म्हैस व्याली का बाप्पा?" शेजारची बुढी म्हणाली. सारे हासले.

मंग दादा बोलला. "आई, असे मासे आता लय थोडे उरले. हा एकटाच हाय. हाक मारते, मंग चूप राहते. जवाब येते का पाहते. आमीबी त्याच्यासंगं चूप बसतो. कॅसेट पलटवून तुमी बोला. छकुलीले बोलू द्या. तिचा आवाज मी विसरून राहिलो."

आईनं माईक लाटन्यावानी धरला. "बाबू, जेवला का? केस कापले का?" मंग छकुलीच्या, म्हंजे माह्या हातात देला.

मले लय काई सांगाचं होतं. पन सारी गल्ली माह्या तोंडाकडे पाहून राहिली होती.

"बोल ना वो पोट्टे, टेप फिरून राहिला!" ताई वरडली.

"मुकी हाय का?" बुढी.

टेप संपला. बटन टक करून वर आलं. भाऊजीनं कॅसेट तशीच डाकेनं दादाले पाठवली.

येताना मनातल्या मनात बोलत आली. साकोली येईपर्यंत सारं बोलून झालं होतं.

महिन्यानं दादाची चिठ्ठी आली. चिखल्याले, माह्या नावानं. "आईच्या नंतर कोनी बोललं नाई. तरी पुरा टेप आयकला. माईकजवळ कोनी श्वास घेऊन राहिलं होतं, थे मी वळखलं. होळीले येनं जमत नाई. हा मासा अजून हाकच मारून राहिला."

सानगडी काई दूर नाई, एका दिवसात पोचते मानूस. मी परत जाईन. भाऊजीले भोंगा काढाले लावीन, अन् हे लिहिलं हाय थेच माईकसमोर वाचीन. त्याच्या आधी बोलाचं एक वाक्य तेवढं पाठ करून ठेवलं: दादा, तुही खाट आमी अजून उचलली नाई.