रिठ्यानं धुतलेली रेकॉर्ड

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी जमशेदनं नवी रेकॉर्ड पुन्हा एकदा लावली. सुई टेकवून तो मागं सरला नाही. कमरेत वाकून, स्पीकरच्या जाळीला उजवा कान लावून उभा राहिला.

रिसोडच्या बाजारगल्लीतल्या या दुकानात लग्नाला भाड्यानं जाणारे चार भोंगे, दोन अँप्लिफायर आणि तारांची वेटोळी एवढाच माल होता. मागच्या दोन खोल्यांत घर. दारातल्या बाकड्यावर मांडववाला भिवाजी इंगोले बसला होता. मांडव भिवाजीचा आणि भोंगे जमशेदचे, अशी दोघांची बरीच वर्षं जोडी होती. भिवाजीला नऊच्या गाडीनं अकोल्याला जायचं होतं, कनातीचं कापड आणायला. ही रेकॉर्डही तिथल्या दुकानात परत द्यायची होती. खराब निघाली तर आठवड्याच्या आत आणा, नंतर बदलून मिळणार नाही, असं तिथल्या दुकानदारानं सांगून ठेवलं होतं. आज आठवडा भरत होता.

"न्यायची का नाई, एवढं सांग ना बावा," भिवाजी म्हणाला. "का इथंच वरात काढतं तिची?"

"थांब. शेवट येऊन राह्यला."

क्लॅरिनेट वर चढली, तुतारीनं तिला गाठलं, सगळी वाद्यं एकदम थांबली. जमशेद तसाच वाकून राहिला. पुढं काही आलं नाही.

"पाह्यलं? कापली," तो म्हणाला. "बदमाशांनी टिचकी कापली."

ही टिचकी म्हणजे त्याच्या आयुष्यातली एक जुनी ठेव. विशीत तो भुसावळला एका बिजलीवाल्याकडे उमेदवारी करत होता. रेल्वेतला एक अँग्लो-इंडियन गार्ड देश सोडून निघाला, तेव्हा जाताना त्यानं जुन्या जाड रेकॉर्डची पेटी जमशेदच्या हवाली केली. अमेरिकेतल्या काळ्या वाजंत्र्यांचं जॅझ. त्यातल्या एका रेकॉर्डच्या शेवटी सगळे थांबल्यावर कोणीतरी झांजेला बोटानं मारावी तशी एकच बारीक टिचकी मारायचा आणि ती मुठीत धरून बंद करायचा. ती ऐकली की जमशेदला दर वेळी हसू यायचं. साऱ्या बँडला गप करून शेवटचा शब्द आपला ठेवणारा तो माणूस त्याला सख्ख्या भावासारखा वाटे.

पुढं ती रेकॉर्ड तडकली. मग परदेशातल्या कंपन्या जुनं जॅझ गोळा करून लाँगप्लेवर नव्यानं काढतात हे त्याला मुंबईच्या चोरबाजारात कळलं, आणि तेव्हापासून लग्नसराई संपली की तो त्या रेकॉर्डच्या मागं लागायचा. रिसोडमध्ये ऐकणारा तो एकटाच. लोक या रेकॉर्डना 'जमशेदची भांडणं' म्हणत, कारण त्यात सगळे एकदम बोलतात. घरी आणलेली प्रत्येक रेकॉर्ड तो रिठ्याच्या कोमट पाण्यानं धुवायचा आणि मलमलीनं टिपायचा. गेल्या दोनेक वर्षांत हा रिठा त्याला फारच मानवला होता. जुन्या रेकॉर्डवरची खरखर धुतल्यावर जवळजवळ नाहीशी होई. तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "रिठा वापरा. कंपनीले जमत नाई ते रिठा करते."

ज्या तुकड्यासाठी तो वर्षभर थांबला होता तोच या नव्या लाँगप्लेवर होता. आणि टिचकी नव्हती.

"खरखर काढता काढता टिचकीही उडवली त्यायनं," जमशेद म्हणाला. त्यानं सुई काढून भिंगाखाली धरली. सुई नवी कोरी होती. तरी त्यानं दुसरी बसवली, पुन्हा वाजवलं. शेवटी तेच.

"साडेआठ झाले," भिवाजी म्हणाला. "तो दुकानदार मले इचारन, काय खराबी हाये? मी काय सांगू, आमच्या जमशेदभाईची टिचकी हरवली?"

"तुले ऐकवतोच. मंग तूच साक्ष दे तिथं."

जमशेदनं आतून लोखंडी पेटी ओढत आणली आणि तळातून तडकलेली जुनी रेकॉर्ड काढली. तडा वाढू नये म्हणून तिला दोन वर्षांत हात लावला नव्हता. जाड रेकॉर्डची सुई निराळी असते. त्यानं पिकअप उलटवला, वेग बदलला. तड्यावर सुई दर फेरीला ठक् करून उडत होती. भिवाजी पायातला जोडा काढून गंभीरपणे ऐकू लागला. क्लॅरिनेट चढली. तुतारीनं तिला गाठलं. सगळे थांबले.

जमशेदनं बोट वर धरलं होतं, टिचकीच्या जागी. बोट तसंच राहिलं.

"ऐकली," भिवाजी म्हणाला. "हेच ना? टिक्. पन हे तं त्या नव्यातही हाये."

"कुठं हाये?"

"शेवटी. आता दोनदा वाजली ना गड्या. कायले गंमत करून राह्यला?"

भिवाजी हसत होता, जमशेदचा चेहरा पाहून थांबला. मग म्हणाला, "एक सांगू? रागावू नको. मांगच्या महिन्यात त्या हेमसिंगच्या घरच्या लग्नात माइक शिट्ट्या मारत होता. बायकायनं कानात बोटं घातली. अन् तू मशीनपाशी बिडी ओढत उभा. मले वाटलं, चहा नाई देल्ला म्हनून सोयऱ्यायवर राग काढून राह्यला."

जमशेदला ते लग्न आठवत होतं. कानात बोटं घातलेल्या बायकाही आठवत होत्या. शिट्टी आठवत नव्हती.

"सकीना!" त्यानं आत बायकोला हाक मारली.

सकीना सूप हातात घेऊनच आली. तिची गहू पाखडायची वेळ होती. जमशेदनं तिला पाठ करून उभं राहायला सांगितलं. "सब रुकेंगे, उसके बाद कुछ बजा तो हाथ उठा."

"सुबह सुबह कवायत?" ती म्हणाली, पण भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. जमशेदनं लाँगप्लेचा शेवट लावला. वाद्यं थांबली आणि सकीनाचा हात वर गेला. बांगड्या कोपराकडं घसरल्या. जमशेदनं बांगड्या पाहिल्या, त्यांचा आवाजही त्याला नीटसा आला नाही.

मग त्यानं विचारायचं नव्हतं ते विचारलं. "अन् खरखर? पुरानी में कितनी है?"

"पकोड़े तल रहे जैसी," सकीना वळून म्हणाली. "हमेशा से वैसीच है. तुमको रीठे का इतना शौक है, मैं काय को बोलूँ?"

भिवाजीनं जोडा पायात घातला.

जमशेद खाली बसला. उजव्या कानाच्या भोकात अंगठा दाबून डावा कान त्यानं जाळीला लावला आणि शेवट पुन्हा लावला. वाद्यं थांबली, आणि फार लांब कोणीतरी पितळी झाकणाला नख लावावं तसं काहीतरी झालं. त्यानं खात्री होईपर्यंत ते वाजवलं. डाव्या कानाला टिचकी येत होती, दर वेळी. उजव्याला एकदाही नाही.

उजवाच का, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. भर लग्नात, गाणं चालू असताना कोणता भोंगा बंद पडला हे खालून कळत नाही. त्याच्या भुसावळच्या उस्तादानं शिकवलं होतं, शिडीवर चढायचं आणि एकेका भोंग्याच्या तोंडाला कान लावायचा. कान लावल्याशिवाय भोंगा जित्ता का मेला ते समजत नाही. डाव्या हातानं बांबू धरायचा, म्हणून लागायचा तो उजवा कान. वीस वर्षं, प्रत्येक लग्नात, चारही भोंगे.

"गावात समजलं तं धंदा गेला," जमशेद म्हणाला. "बहिऱ्या भोंगेवाल्याले कोन बोलावते?"

"मी कायले सांगू? तुह्ये भोंगे गेले तं माह्या मांडवात काय टाळ कुटू?" भिवाजी उठला. स्टँडवरून गाडीच्या हॉर्नचा आवाज आला, तो जमशेदलाही ऐकू आला. जाड आवाज होता. "हे नेऊ का मंग?"

जमशेदनं रेकॉर्ड पाकिटात घातली, पाकीट पेटीत ठेवलं. "राहू दे. चांगली हाये ते."

"शिडीचं काय करतं?"

"तू चढ."

"मी? माह्या कानाचं भाडं काय देशीन?" भिवाजी दारात थांबून म्हणाला. जमशेद हसला नाही. "कान लावायचा नाई," तो म्हणाला. "तोंडासमोर तळहात धर. भोंगा जित्ता असन तं तळहाताले कळते. मले हे आत्ता सुचून राह्यलं, वीस वर्षांनी."

भिवाजी गाडीसाठी पळाला. सकीना गव्हाकडं गेली. रिठ्याचं पातेलं कोनाड्यात होतं तिथंच राहिलं.

उद्या मेडशीला लग्न आहे. सकाळी साडेसहाच्या अकोला गाडीच्या टपावर चार भोंगे आणि शिडी चढेल, दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त आहे. शिडीवर भिवाजी असेल. जमशेद खाली मशीनपाशी उभा राहील, उरलेल्या डाव्या कानात कापसाचा बोळा घालून.