सहाशे एक्केचाळीसने भाग जातो का

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर माझ्या सासऱ्यांचा कुणावरच विश्वास उरला नाही. त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. तंजावरच्या मराठी घरातले, जन्मभर चेन्नईत शाळेत गणित शिकवलेले. उजवा हात लुळा पडला, वाचा मात्र परत आली. गोळी दिली की उलटसुलट करून बघत. कॉफीचा पहिला घोट मला घ्यायला लावत. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं.

"शंभरातून सात-सात वजा करत चला," डॉक्टर म्हणाले, तेव्हा अप्पा भिंतीकडे बघत बसले. बुद्धीवर परिणाम झालाय, असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं. त्याच दिवशी माझ्या नवऱ्याने अण्णा नगरातल्या आमच्या फाटकाला कुलूप घातलं. अप्पा एकटे बाहेर पडले तर वाट चुकतील, ही त्याची भीती. अप्पांना उत्तर येत नव्हतं की द्यायचं नव्हतं, हे मलाही कळेना.

मी पुण्याची, गणित घेऊन पदवीधर झालेली. लग्नानंतर अप्पांनी मला त्यांची आवडती संख्या सांगितली होती. दोन हा आकडा बत्तीस वेळा घेऊन ते सगळे एकमेकांत गुणायचे आणि त्यात एक मिळवायचा. एका थोर गणितज्ञाला वाटलं, ही मूळ संख्या, हिला कशानेच भाग जाणार नाही. पुढे दुसऱ्याने दाखवलं, सहाशे एक्केचाळीसने जातो.

एका सकाळी मी ती संख्या आठवून पाटीवर लिहिली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"अप्पा, हिला सहाशे एक्केचाळीसने भाग जातो ना?"

"डॉक्टरने पाठवलं तुला?"

"नाही. मीच विचारतेय."

त्यांनी पाटी पुढे ओढली. मग डाव्या हातात पेन्सिल धरून वेडावाकडा भागाकार मांडला. मी भाजी निवडत बसले. मधेच त्यांनी माझी संख्या तेवढी ठेवून सगळं पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आता त्यांना जमत नाही, असं वाटलं मला. दुपारच्या जेवणाआधी त्यांनी पाटी माझ्याकडे सरकवली.

"जात नाही. बाकी सहाशे तेवीस."

म्हणजे डॉक्टरांचंच खरं, असं मला वाटलं. पण ते थांबले नाहीत.

"अठरा कमी पडतात. शेवटी सत्त्याण्णव हवेत, तू एकोणऐंशी लिहिलेस. मुद्दाम ना?"

मी बघितलं. शेवटचे दोन आकडे खरंच उलटे पडले होते. चुकून झालं, असं मी परोपरीने सांगितलं.  ती परीक्षाच होती, असं ते शेवटपर्यंत समजत राहिले.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "जुनं पाठ असेल त्यांना."

"चुकीच्या संख्येची बाकी कोण पाठ करतं?"

 दुसऱ्या दिवशी त्याने कुलूप काढलं, पण हळूच मला म्हणाला, लक्ष ठेव.

अप्पा काठी टेकत बाहेर पडले. मी बरंच अंतर ठेवून मागे. कोपऱ्यावर थांबून चप्पल नीट करायच्या मिषाने त्यांनी मागे बघितलं आणि मला हेरलं. त्यानंतर मला चुकवायला ते रोज वेगळ्याच गल्लीत वळायला लागले.